चोवीस डोळे आणि एक घासणी

४ फेब्रुवारी

विद्वान बाईंस,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. कागद मधेच बंद करता येत नाही. फाडता येतो, पण फाडण्याआधी माणूस एकदा वाचतोच, आणि तू तर लहानपणापासून साबणाच्या वेष्टणावरचंही वाचून काढणारी.

काल मोठ्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि बसायला सांगितलं. संशोधन केंद्रात बावीस वर्षं काढली, पण त्या केबिनमध्ये मी पहिल्यांदाच बसले, तेव्हाच कळलं की काहीतरी वाईट आहे. तू चौकशी समितीला पाठवलेल्या खुलाशाची प्रत त्यांनी माझ्यापुढे सरकवली. तिसऱ्या पानावर तू लिहिलंयस, 'टाक्यांची देखभाल करणारी कर्मचारी अप्रशिक्षित असून तिने सूचना तंतोतंत पाळल्या असतीलच, अशी खात्री देता येत नाही.'

मी तीनदा वाचलं. अप्रशिक्षित! ज्या जेलीफिशवर तू प्रबंध लिहिलास, त्यांच्या आज्या-पणज्या मी वाढवल्यात. दुसरीकडे ज्या आठवडाभरात मरतात, त्या माझ्याकडे महिनोन्‌महिने जगतात. पाण्यातलं मीठ कमी झालं तर मी थेंब जिभेवर ठेवून सांगते, आणि यंत्र माझ्या मागून तेच सांगतं. डोक्यात अशी तिडीक गेली की सरांनी पुढे केलेला चहा मी तसाच ठेवून आले.

घरी आल्यावर तुझ्या बाबांनी विचारलं, भानगड नक्की आहे काय. मी त्यांना जे सांगितलं तेच तुलाही लिहिते, म्हणजे अप्रशिक्षित बाईला किती कळतं ते तुला कळेल. अंगठ्याच्या नखाएवढी, पेटीच्या आकाराची जेलीफिश. मेंदू नाही. डोळे मात्र चोवीस. चार बाजूंना चार झुबके आणि एकेका झुबक्यात सहा डोळे. ती खारफुटीच्या मुळांमधून फिरते आणि मुळांवर आपटू नये म्हणून बघत राहते. आपल्या चिंगीने गोल टाकीच्या आतल्या भिंतीवर मुळांसारख्या उभ्या काळ्या पट्ट्या रंगवल्या. सोडलेल्या जेली सुरुवातीला पट्ट्यांवर आपटल्या, आणि थोड्याच वेळात लांबूनच वळायला लागल्या. म्हणजे त्या शिकल्या. मेंदू नसलेला जीवसुद्धा ठेच खाऊन शहाणा होतो, हा चिंगीचा शोध. त्यावर तिला डॉक्टरकी मिळायची होती. मग दुसऱ्या प्रयोगशाळेनं तेच करून पाहिलं, तर त्यांच्या जेली काहीच शिकल्या नाहीत. आता लोक म्हणतात, आकडे हिने मनाने लिहिले. दहा मार्चला समिती बसणार. त्यांना पटलं नाही तर पदवी गेली, आणि खोटारडी हा शिक्का जन्माचा बसला.

बाबा म्हणाले, तुला एवढं सगळं कळतं? मी म्हटलं, मी तिथे डुलक्या काढायला जात नाही.

संकटात माणूस हातपाय मारतं, हे मला मान्य आहे. पण मारताना लाथ नेमकी मलाच? पंप बिघडला म्हणायचं होतंस, पाण्यावर ढकलायचं होतंस. आणि एक लक्षात ठेव. प्रयोगाच्या काळात टाकीच्या भिंतीला मी हात लावलेला नाही, असं मी समितीला आधीच सहीनिशी लिहून दिलंय. तेव्हा माझ्याकडे बोट दाखवायचं कारण नाही.

आशीर्वाद आहेत. ते काही मी काढून घेतलेले नाहीत.

आई


११ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं उत्तर मिळालं, तेही बाबांच्या फोनवर, दोन ओळींचं. 'आईला सांगा, तिथे "माझी आई" असं लिहिलं असतं, तर मायलेकींनी मिळून आकडे रचले म्हणाले असते. तिला यातून बाहेर ठेवतेय.'

बाहेर चपला ठेवतात, चिंगे.

बाबांनी फोन माझ्यापुढे धरला तेव्हा ते चष्म्यावरून बघत होते, की आता ही काय फोडते. काही फोडलं नाही. ओटा घासला, मग शेगडी, मग मागच्या दाराची कडी. राग आला की माझा हात चालतो, हे तुला नव्याने सांगायला नको. तुझ्या शाळेच्या डब्यावर कोरून घेतलेलं नाव दुसऱ्या वर्षी पुसट झालं आणि तिसऱ्या वर्षी गेलंच. वर्गाच्या बाईंनी चिठ्ठी पाठवली, हा डबा कुणाचा ते कळत नाही. मी त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून दिलं, सगळ्यात चकचकीत असेल तो आमचा.

तुझी शाळा दुपारी सुटायची आणि मला पाचशिवाय सुटका नसायची. म्हणून तू टाक्यांच्या खोलीत पालथ्या बादलीवर बसून अभ्यास करायचीस. तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर आठ-दहा मोठ्या माणसांचे आभार मानलेत. त्यांच्यापैकी कुणी तुला त्या बादलीवर उभं करून हातात भिंग दिलं होतं? हा बघ झुबका, याच्या तळाशी खड्याचं वजन आहे, म्हणून जेली कशीही कलंडली तरी हा वरचा डोळा वरच बघतो, हे कुणी सांगितलं होतं? मी टाकीवर एका बाजूने पुठ्ठा धरला आणि त्या सगळ्या त्या सावलीकडे सरकल्या. पाण्यातून वर झाडांचा आडोसा शोधतात, मी म्हटलं. तू टाळ्या पिटल्यास, तुझी पेन्सिल टाकीत पडली, आणि ती काढताना मला दोन-चार डंख झाले.

मग तू विचारलंस, यांचा मेंदू कुठाय? मी सांगितलं, नाही. कडेनं मज्जातंतूंचं एक कडं फिरतं आणि चारही झुबके आपापला ठोका देत असतात. ज्याचा ठोका आधी पडेल त्याप्रमाणे सगळं अंग आवळतं. तू म्हणालीस, म्हणजे मुख्य कोणीच नाही? मी म्हटलं, आपल्या घरासारखं. जो आधी ओरडेल त्याचं चालतं. पोट धरून हसली होतीस.

हे सगळं मोठ्या सरांनी मला सांगितलं होतं. मी तुला सांगितलं. आता तू ते मोठमोठ्या सभांमध्ये सांगतेस, आणि म्हणतेस की हे मोठ्या सरांकडून शिकले. मधली मी कुठे गेले गं?

बाबांचा खोकला बरा आहे.

आई


१९ फेब्रुवारी

चिंगे,

दुसऱ्या प्रयोगशाळेतले पाहुणे आलेत. तेच, ज्यांच्या जेली शिकल्या नाहीत. समितीनं त्यांना सांगितलंय, तिथे जा, त्याच टाकीत, त्याच पाण्यात, तिथल्याच जेली घेऊन पुन्हा करून बघा. मला वाटलं होतं कोणीतरी आखडू असेल, नाकानं कांदे सोलणारा. तसा नाही, हीच पंचाईत आहे. आल्या आल्या मला मावशी म्हणाले, प्यायला पाणी मागितलं आणि पेला स्वतः विसळून ठेवला. अशा माणसावर रागवायचं कसं? तरी मी रागावलेय.

त्यांनी टाकी खरवडून कोरी केली आणि तुझ्या लेखात लिहिलंय अगदी तशा, तेवढ्याच रुंद, नव्या काळ्या पट्ट्या रंगवल्या. मोठ्या सरांनी दारावर कागद डकवला, 'भिंतीला हात लावू नये.' कागदाचं तोंड नेमकं माझ्या स्टुलाकडे. मी फक्त ड्रॉपरने बारीक कोळंबीची पिल्लं सोडायची आणि मागे सरायचं.

आज पाचवा दिवस. एकही जेली एकदाही आपटलेली नाही. पट्टी दिसली की अर्ध्या वाटेतून गर्रकन मागे. आपटायचंच नाही तर शिकायचं काय? पाहुणे सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघतात आणि वहीत शून्य लिहितात. काल मला म्हणाले, यांना शिकण्यासारखं काही उरलेलंच नाही मावशी, या पहिल्यापासून शहाण्या आहेत. खुशीत नाही म्हणाले. पण वही ती वहीच. तुझी पदवी माझ्या डोळ्यादेखत शून्या-शून्यानं बुडतेय आणि मी ड्रॉपर धरून उभी आहे. मला त्या वहीचा राग येतो, त्या कागदाचा येतो, मोठे सर जाता-येता माझ्या हातांकडे बघतात त्याचा येतो. तुझा तर येतोच. तू इथे असायला हवं होतंस. तू तिकडे बसून खुलासे लिहितेस, आणि तुझ्या टाकीपाशी उभी मी.

त्यात पाच दिवसांत भिंतीवर बुळबुळीत थर चढलाय. मला तो बघवत नाही. जेवताना डोळ्यांपुढे येतो.

आणि एक सांगते. त्या पट्ट्या फार काळ्या आहेत, डोळ्यांत खुपतात. तुझ्या एवढ्या काळ्या नव्हत्या. का नव्हत्या, ते मला विचारू नकोस.

आई


२७ फेब्रुवारी

चिंगे,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा सरळच लिहिते.

मी घासत होते.

तू टाकी भरलीस त्या दिवसापासून, रोज सकाळी सातला. तुम्ही मंडळी नऊला यायचात. जेली डावाने अलगद वाडग्यात काढायच्या, पाणी अर्ध्यावर आणायचं, हिरवी घासणी घेऊन भिंत घासायची, पुन्हा पाणी, पुन्हा जेली. तू यायचीस तेव्हा सगळं जागच्या जागी आणि टाकी लख्ख. तू एकदा कौतुकानं म्हणालीसुद्धा होतीस, इथलं पाणी किती स्वच्छ राहतं. पाणी मुरावं म्हणून तू त्यात थोड्या जेली ठेवून दीड महिना थांबलीस. तो दीड महिना मी तुझ्या काळ्या पट्ट्या घासल्या. तू नव्या जेली सोडून मोजायला बसलीस तेव्हा पट्ट्या राखेच्या रंगाच्या झाल्या होत्या.

एका दिवसात गेल्या असत्या तर तुला दिसलं असतं. रोज थोड्या थोड्या गेल्या. आणि तू भिंतीकडे बघतच नव्हतीस, तू वरच्या कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालून होतीस, तिथे पट्टी म्हणजे नुसती रेघ. लेखात काळ्या लिहिलंस, कारण रंगवताना त्या काळ्या होत्या. चोवीस डोळ्यांच्या बिनमेंदूच्या जीवांना फरक कळला, आणि तुला नाही. हे मी चिडवायला लिहीत नाहीये. हो, चिडवायलाच लिहितेय.

आता नीट वाच. गढूळ पाण्यात जवळचं मूळ काळं दिसतं आणि लांबचं फिकट. काळं दिसलं की जेली समजते, आलं, वळा. राखी दिसलं की समजते, अजून लांब आहे, आणि जाऊन आपटते. पाहुण्यांच्या काळ्या पट्ट्यांवर म्हणून कोणी आपटत नाही. तुझ्या राखी पट्ट्यांवर त्या आपटल्या, आणि दोन-चारदा आपटल्यावर शिकल्या की या पाण्यात फिकट असलेलंही जवळच असतं. तुझा शोध खरा आहे, चिंगे. फक्त रंग चुकीचा छापलास.

मी नुसतं बोलत नाहीये. रविवारी केंद्र बंद असतं, पण खायला घालायला मी जाते. मागच्या खोलीतल्या जुन्या टाकीवर तुझ्या सरावाच्या पट्ट्या अजून आहेत, त्याही मी पूर्वीच घासून राखी केलेल्या. माझ्या हाताखालून काही सुटत नाही. तिच्यात आठ जेली सोडल्या आणि खाण्याच्या नोंदीच्या कागदामागे रेघा मारत बसले. सुरुवातीला आपट, आपट, आपट. मग कमी. मग वळल्या. त्या ओल्या फरशीवर मी एकटीच ओरडले, आणि लगेच रडू फुटलं.

तू म्हणशील, मी तुला विचारलं होतं. हो, विचारलं होतंस. कसं विचारलंस तेही आठव. प्रयोगाला येण्याआधी तू म्हणालीस, आई, तिथे नातं नको सांगूया, उगाच वशिला वाटेल. मलाही तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. मोठे सर सोडले तर तुझ्या लहानपणचं तिथे कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तू मला मावशी म्हणालीस तेव्हा मला हसू आवरेना. तिसऱ्या आठवड्यात हसू येईनासं झालं. घरी तू माझ्या हातचं जेवायचीस आणि सकाळी गेटातून माझ्या दहा पावलं पुढे चालायचीस. मग एक दिवस तुझ्या चार सहकाऱ्यांसमोर, वहीतून मान वर न करता म्हणालीस, 'मावशी, तुम्ही भिंतीला हात लावत नाही ना?'

मी म्हटलं, 'नाही हो मॅडम.'

ते खोटं होतं. आणि ते बोलताना मला गार वाटलं, हेही लिहून टाकते. समितीला सही करून दिलेला कागद म्हणजे त्याच खोट्याची दुसरी प्रत.

आई


६ मार्च

चिंगे,

तुझा फोन आला, बाबांना. चाळीस मिनिटं. मी समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबांनी दोनदा फोन माझ्याकडे सरकवला, दोनदा तू काहीतरी म्हणालीस आणि त्यांनी तो परत कानाला लावला. घड्या संपल्यावर मी त्याच घड्या उलगडून पुन्हा घातल्या.

नंतर बाबांनी तुझा निरोप तुकड्या-तुकड्यानं सांगितला. आईनं गप्प बसावं. आधी खोटं लिहून दिलं, आता खरं सांगणार, तर कोण मानेल? दोघी बुडू. आणि बोलायचंच असेल तर नातं लिहू नये. बाबा म्हणाले, पोरगी रडत होती. मी म्हटलं, रडू दे, मीही रडलेय. मग त्यांना सांगितलं की उशीर झालाय. तुझा फोन येण्याआधीच, अठ्ठावीस तारखेला, मी घासणी घेऊन पाहुण्यांकडे गेले होते.

त्यांनी सगळं ऐकलं. रेघांचा कागद उलटा-सुलटा करून पाहिला. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. किती दिवस घासत होतात, एवढंच विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, मग या पट्ट्याही करा तशाच. मी म्हटलं, दीड महिना कुठाय, जोर लावून तीन सकाळींत करते. कुठे थांबायचं ते कसं कळणार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते माझ्या हाताला कळतं. तिन्ही सकाळी ते शेजारी उभे राहून बघत होते, पण मोजायची वेळ आली तेव्हा मला खोलीबाहेर काढलं आणि दाराला आतून कडी घातली. बरोबरच केलं. मी असते तर मीही तेच केलं असतं.

दोन दिवस मी व्हरांड्यात बाटल्या धुतल्या. धुतलेल्याच बाटल्या. काल दुपारी ते बाहेर आले, पालथ्या बादलीवर बसले आणि म्हणाले, 'मावशी, आपटल्या. आणि शिकल्या.' मग घासणी उचलून तिच्यावर अंगठा फिरवून पाहिला.

तर आता आकडे त्यांचे आहेत, त्यांच्या वहीतले. ते मी रचले किंवा तू रचलेस असं कुणी म्हणू शकत नाही. पण पट्ट्या राखी कशा झाल्या, ते माझ्याच तोंडून हवं. आधीचा कागद खोटा होता, हेही. त्यासाठी एक छापील फॉर्म आलाय. नाव, पद, नोकरीची वर्षं, आणि शेवटी, 'संशोधिकेशी नातं'. मोठ्या सरांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे कोरं सोडा, काही बिघडत नाही. पाहुण्यांना तर अजून माहीतच नाही. तूही तेच म्हणतेस. एका ओळीवर इतक्या जणांनी बोट ठेवलेलं मी पाहिलेलं नाही. मला एवढा संताप आला की मी फॉर्म तसाच उचलून पाकिटात घातला, आणि म्हणूनच ती ओळ कोरी राहिली. भरायची नाही असं ठरवून नाही.

दहा तारखेला मला समितीनं बोलावलंय. मी येतेय. घ्यायला येऊ नकोस. येणार नव्हतीसच.

आई


१० मार्च, बाकावरून

तू आत आहेस. मी बाहेर, फायलींच्या कपाटासमोरच्या लाकडी बाकावर. माझं बोलणं झालं, आता तुझं चाललंय. हात रिकामा ठेवला तर हा बाक घासत बसेन, म्हणून लिहितेय.

सकाळी तू आलीस, मला पाहिलंस आणि याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलीस. मधे चार माणसं मावतील एवढी जागा. मी समोर बघत राहिले, तू फोनमध्ये. बारीक झालीस. कोपरं केवढी दिसतायत. राग आलेला असताना मला हे दिसायला नको होतं.

आत तिघं होते. मधल्या बाई अध्यक्ष. घासणी, पाणी, सकाळचे सात, सगळं मी सांगितलं. त्यांनी फॉर्म उचलला आणि म्हणाल्या, शेवटची ओळ राहिलीय.

मी म्हटलं, 'आई आहे मी तिची.'

एकाची खुर्ची करकरली. पाहुणे मागे बसले होते, त्यांनी वही मिटली. बाईंनी विचारलं, हे आधी का नाही सांगितलंत? मी म्हटलं, तिनं नको म्हटलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. हे तुला नडेल हे मला ठाऊक होतं. तरी सांगितलं. रागात सांगितलं का? थोडं रागातच. पण आणखी एक खोटा कागद मला लिहायचा नव्हता, आपल्या नात्याच्या बाबतीत तर नव्हताच. मग बाई म्हणाल्या, मुलीनं स्पष्ट विचारलं असताना तुम्ही खोटं का बोललात?

मी म्हटलं, 'तिनं मावशीला विचारलं, मावशीनं उत्तर दिलं. आईला विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं.'

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला पाणी हवं का विचारलं. मी नको म्हटलं. बाहेर आले तेव्हा तुला बोलावलं. तू माझ्या बाजूने गेलीस, दार लावून घेतलंस. तुला वाचवलं की बुडवलं, मला माहीत नाही. आतून तुझा आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत.


त्याच दिवशी, परतीच्या बसमधून

अक्षर हलतंय, ते बसमुळे.

काय झालं ते तुला माहीतच आहे, तरी माझ्या हातानं लिहून ठेवते. शोध खरा धरला. पट्ट्यांच्या रंगाची दुरुस्ती छापायची, नातं लपवल्याबद्दल तुला लेखी ताकीद, पण पदवी राहिली. खोटारडी कोणी म्हणणार नाही. माझं मोठ्या सरांनी फोनवर सांगितलं. सोमवारपासून टाक्यांची खोली माझी नाही, मला भांडारात बसवणार. खोटी सही केली होती, शिक्षा बरोबर आहे. बाबांनाही मी तसंच सांगितलं. पण जेलींना आता कोण बघणार ते कुणी सांगितलं नाही, आणि त्याचाही राग मी तुझ्यावरच काढणार आहे, तयारीत राहा.

तू बाहेर आलीस तेव्हा तर मी कंबर कसूनच बसले होते. मला वाटलं तू ओरडशील. माझ्याकडेही पुष्कळ साठलं होतं, क्रमवार, दहा पावलं पुढे चालण्यापासून सगळं. तुझ्या मागून ती तिघंही बाहेर आली आणि दारातच बोलत उभी राहिली. पाहुणे होते. तू सरळ माझ्यापाशी आलीस, बाकावर टेकलीस, मधे जागा न सोडता. वही उघडलीस आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालीस,

'आई, रोज किती वेळ घासायचीस?'

मी म्हटलं, वीस मिनिटं. लिहून घेतलंस. घासणी कुठली, तर हिरवी, जाड. किती दिवसांनी बदलायचीस? आठवड्यानं. वरून खाली की आडवी? वरून खाली. पट्टीच्या कडेशी जास्त की मधे? कडेशी, कारण मळ तिथे धरतो. सगळं लिहून घेतलंस. दुरुस्तीत घालायचं आहे म्हणालीस, म्हणजे पुढच्यांना चुकायला नको. तू माफी मागितली नाहीस. मीही नाही. तुझं पेन थांबलं नाही आणि मला माझी यादी आठवेना.

मग तू विचारलंस, जोर किती लावायचीस?

मी म्हटलं, जोर सांगता येत नाही, दाखवावा लागतो. तू वही मांडीवर ठेवलीस, बाही कोपरापर्यंत वर केलीस आणि हात माझ्यापुढे धरलास. घासणी नव्हती. मी माझ्या तळव्यानं घासायला लागले, वरून खाली, रोजच्यासारखं. माझे तळवे काही मऊ नाहीत. समितीच्या बाई बघत होत्या. तुझा हात लाल होत गेला.

'एवढा?' तू म्हणालीस.

मी म्हटलं, 'नाही, याहून जास्त,' आणि तू हात तसाच धरून ठेवलास.

आई